जारचं पाणी आणि कोंबडीची बदनामी : सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतला जानेवारी

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या 'जीबीएस'चे रुग्ण अचानक वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या. नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला हा सिंहगड रस्त्याच्या कडेचा पट्टा एकदम चर्चेत आला. त्याच पट्ट्यातल्या, दीडशेच्या आसपास फ्लॅट असलेल्या एका सोसायटीत पुढचे काही आठवडे काय घडलं, ते इथे मांडतो आहे. सोसायटीचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. शेजाऱ्यांची तोंडं रोज बघायची असतात. मी तिथेच राहतो आणि बरीच वर्षं एका दैनिकाच्या शहर डेस्कवर काढली आहेत. त्यामुळे एखादा मेसेज आला की तो खरा की खोटा याच्याआधी तो लिहिलाय कसा, याकडे माझं लक्ष जातं.

ग्रुपवर काय काय आलं

पहिला आला तो व्हॉइस मेसेज. बाईचा आवाज, मागे हॉस्पिटलसारखा गलका. "मी इथल्याच एका हॉस्पिटलमधून बोलतेय, नाव सांगू शकत नाही. ॲडमिट झालेल्या सगळ्या पेशंटनी चिकन खाल्लेलं होतं. दोन महिने चिकन-अंडी घरात आणू नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. हे पेपरात येणार नाही, पोल्ट्रीवाल्यांचा दबाव आहे." मिनिटभरही नसेल. पण शेवटचं वाक्य ऐका. पेपरात बातमी आली नाही तर ते दबावाचं लक्षण, आणि आली तर 'बघा, आम्ही आधीच सांगितलं होतं'. दोन्हीकडून मेसेजच जिंकणार. डेस्कवर असताना असा कसलेला मजकूर क्वचितच हाती यायचा.

दुसरी होती गुलाबी पार्श्वभूमीवरची यादी : पनीर, चीज, भात टाळा. तिसऱ्या मेसेजमध्ये सगळं खापर करोनाच्या लशीवर फोडलं होतं. चौथा फॉरवर्ड नव्हताच. सी विंगमधल्या एका दादांनी स्वतः टाइप केला होता : "आजपासून आम्ही नळाचं पाणी पूर्ण बंद केलं आहे. आरओचा जार घरपोच मिळतो, नंबर हवा असेल तर सांगा." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. पुढे नुकसान झालं ते मुख्यतः याच चौथ्या मेसेजमुळे, आणि गंमत म्हणजे त्याला कुणी अफवा म्हटलंच नाही. दादांचा हेतू स्वच्छ होता, नंबर खरा होता, जारही वेळेवर यायचा.

आजार काय होता

जीबीएस हा नवा आजार नाही, साथीचाही नाही. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोन जणांना होतो. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो, मग एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, अशक्तपणा पायांकडून वर सरकत जाणं. बहुतेक जण बरे होतात, पण काहींना व्हेंटिलेटर लागतो आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो. एकाकडून दुसऱ्याला जीबीएस होत नाही. होतो तो आधीचा जंतुसंसर्ग, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून.

पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, म्हणजे आपल्याच शहरातल्या एनआयव्हीला, काही ठिकाणी कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. केंद्राचं पथक आलं. लक्ष पाण्याकडे वळलं, कारण रुग्णांच्या पत्त्यांचा नकाशा पाण्याच्याच वाटेनं जात होता.

आता कोंबडीचं. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सर्रास असतो, तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास न होता. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून, ते धुताना उडालेल्या पाण्यातून, त्याच विळीवर चिरलेल्या काकडीतून तो माणसात येऊ शकतो. नीट शिजवलं की मरतो. म्हणजे त्या व्हॉइस मेसेजमधल्या बाईनं कोंबडी हवेतून काढलेली नव्हती. 'सगळ्या पेशंटनी' हे खोटं, 'दोन महिने बंद' हे खोटं, 'पेपरात येणार नाही' हे तर खोटंच, पण आत एक खडा खरा होता. लशीच्या मेसेजचंही तसंच. ॲडेनोव्हायरसवर आधारलेल्या लशींच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांत जीबीएसची नोंद २०२१ मध्येच युरोपात झाली होती. फक्त लस घेतली होती सगळ्या देशानं, आणि रुग्ण सापडत होते मुख्यतः एका रस्त्याच्या कडेनं. एवढा विचार करायला डॉक्टर असावं लागत नाही.

आमच्या ग्रुपवरच्या सुशिक्षित मंडळींनी मात्र पहिल्या तिन्ही मेसेजना एकच शिक्का मारला : "फेक. कृपया अफवा पसरवू नका." खाली हात जोडलेली चित्रं. मग बी विंगमधल्या एका ताईंनी एका आरोग्यविषयक साइटचा दुवा टाकला, त्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि कोंबडी यांचा संबंध स्पष्ट लिहिलेला. झालं! 'फेक' म्हणणारे एका रात्रीत खोटे ठरले. त्यानंतर त्यांनी नळाच्या पाण्याबद्दल काही म्हटलं तरी उत्तर ठरलेलं : "तुम्ही चिकनलाही फेक म्हणत होतात."

चोर सोडून संन्याशाला

सोसायटीच्या गेटसमोर एक चिकनचं दुकान आहे. दुकानदार दौंडकडचा, दुकान भाड्याचं. रविवारी सकाळी जिथे रांग लागायची तिथे तो एकटा मोबाइल बघत बसलेला दिसायला लागला. त्याच्या मोबाइलवरही तोच व्हॉइस मेसेज आला होता, त्याच्या मेहुण्याकडून. "मी काय सांगू साहेब, मी पण ऐकला. मलाच दोन मिनिटं खरं वाटलं."

या धंद्याला हे नवीन नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा तिथून शेकडो किलोमीटरवरच्या दुकानांत शुकशुकाट झाला होता. २०२० च्या सुरुवातीला करोना कोंबडीतून येतो अशी हूल उठली आणि भाव कोसळले. दर वेळी 'नीट शिजवून खा' हा सल्ला येतो, पण आठवडे उलटल्यावर. या वेळीही फेब्रुवारीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं की चिकन व्यवस्थित शिजवून खा, कोंबड्या मारून टाकायची काही गरज नाही. तोवर आमच्या दुकानदारानं मदतनीस पोराला गावी पाठवून दिलं होतं.

दुकानदाराचे पैसे बुडाले. पण त्याहून वाईट गोष्ट ए विंगमध्ये घडली. तिथल्या एका कुटुंबातला कॉलेजात जाणारा मुलगा जुलाबानंतर पायांत मुंग्या येतात म्हणून दाखल झाला. आठवड्याभरात सुधारला, घरी आला. त्याची आई लिफ्टमध्ये शिरली की आधीच उभी असलेली माणसं "मी जिन्यानं जातो" म्हणत बाहेर पडायची. मी स्वतः हे पाहिलं आहे. एका काकूंनी तर बोटानं बटण दाबण्याऐवजी किल्ली वापरली, आणि वर त्या माउलीला "कसा आहे मुलगा?" असंही विचारलं. जीबीएस लागण होऊन पसरत नाही हे ग्रुपवर कुणीतरी दोनदा लिहिलं होतं. वाचलंही असेल सगळ्यांनी. किल्ली तरी निघालीच.

ज्याला त्याला मत

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं आणि खाली चहाच्या टेबलाभोवती जी चर्चा रंगली ती या सगळ्या प्रकरणाचा अर्क होती. निवृत्त अभियंता असलेले एक काका मूळ मुद्द्यावर ठाम : "मोबाइल आला आणि माणसाची अक्कल गेली. पूर्वी पेपरात छापून आलं तेच खरं. आता ज्याच्या हातात फोन तो संपादक." हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी म्हणाली, "काका, पेपर आदल्या रात्रीचं सांगतो. मला आत्ता बाटली भरायची की नाही ते आत्ता कळायला हवं." तिच्या नवऱ्याचं म्हणणं की हे सगळं जारवाल्यांनीच पसरवलंय. पुराव्यादाखल काय? "फायदा कुणाला होतोय बघा ना." हा तर्क ऐकायला चटपटीत वाटतो, पण त्याच हिशेबानं पावसाळा छत्रीवाले आणतात असंही म्हणता येईल.

तेवढ्यात डी विंगच्या आजींनी काकांना गाठलं. त्यांचं लहानपण नारायण पेठेत गेलेलं. "एकसष्ट साली कुठे होता रे मोबाइल? पानशेत फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी 'पाणी आलं, पाणी आलं' करत अख्खी पेठ पळत सुटली. मी वडिलांचा हात धरून पळालेय. पाणी कुठे होतं? कुठेच नाही." १२ जुलै १९६१ च्या पुरानंतर उठलेली ती हूल जुने पुणेकर अजून सांगतात. आदल्या दिवशी खरंच धरण फुटलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पळणाऱ्याला मूर्ख कसं म्हणणार? आजींनी काकांचा मुद्दा खोडला खरा, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. आदल्या दिवशीही शहराला वेळेत आणि नीट सांगितलं गेलं नव्हतं. अशा शहराला एकदा फटका बसला की पुढच्या हाकेला ते आधी पळतं आणि मग विचारतं.

सिंहगड रस्त्यानं तर असा फटका ताजाच खाल्ला होता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं आणि आम्हाला कुणी सावधच केलं नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. सहाच महिन्यांनी त्याच रस्त्यावरच्या माणसाला 'अधिकृत माहितीची वाट पाहा' म्हणणं सोपं आहे.

त्या चहाबद्दलही सांगायला हवं. तीन-चार जणांनी चहा नाकारला, "पाण्याचं काही सांगता येत नाही" म्हणून. तेच लोक शेजारच्या जारमधून स्टीलच्या पेल्यात गार पाणी घेऊन प्यायले. उकळलेलं नाकारलं, न उकळलेलं घेतलं.

जार

इथे थोडं थांबतो, कारण खरं प्रकरण हेच आहे.

किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द एका सहीनं वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. या भागाला विहिरीचं पाणी मिळत होतं, शुद्धीकरण केंद्रातून न जाता, फक्त क्लोरीन टाकून. कमी पडलं की टँकर. आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीत हे दोन्ही एकत्र होतं. तक्रार सांगायला नगरसेवकही नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. एरवी नगरसेवकाला फोन लागो न लागो, निदान शिव्या घालायला एक नाव असतं. इथे तेही नव्हतं.

अशा वेळी जार हा उपाय वाटणं साहजिक. 'आरओ' या दोन अक्षरांची आपल्याकडे मोठी पुण्याई आहे. पण आरओ यंत्रात पाणी पडद्यातून जाण्याआधी कार्बनच्या फिल्टरमधून जातं, आणि तो कार्बन क्लोरीन शोषून घेतो. म्हणजे यंत्रातून निघालेलं पाणी त्या क्षणी कितीही स्वच्छ असलं तरी त्यात पुढच्या प्रवासासाठी राखणदार उरत नाही. मग ते टाकीत साठतं, पाइपनं जारमध्ये भरलं जातं, जार घराघरांतून परत आलेला असतो, झाकण हातानं दाबलं जातं. कुठेही एक जंतू शिरला की त्याला अडवणारं काही नाही. नळाच्या पाण्यात टोकाच्या घरापर्यंत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरला पाहिजे असं मानक आहे, ते याचसाठी. ज्या वासाला नाक मुरडतो तो वास म्हणजेच राखणदार.

पुढे महापालिकेनं या पट्ट्यातल्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने घेतले, काहींत दूषितता आढळली आणि ते प्रकल्प बंद केले गेले. आमचे जार त्यांतल्याच एखाद्याकडून येत होते का, हे सांगता येणार नाही. जारवाला फोनवर भेटायचा, पाणी कुठे भरतो ते कधी नीट सांगितलं नाही. पावतीवर पत्ताच नव्हता. पण त्या बातमीनं ग्रुपवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. जुलाबाच्या भीतीनं नळ सोडून लोक जारकडे गेले होते. आगीतून फुफाट्यात, तेही पैसे मोजून.

फक्त ॲडमिन

या दरम्यान कमिटीनं एक निर्णय घेतला. ग्रुपवर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' असं सेटिंग केलं. कारण सेक्रेटरींना दुसरीकडून मेसेज आला होता की खोट्या मेसेजबद्दल ॲडमिनला अटक होते. बिचारे घाबरले. वास्तविक सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला, संगनमत नसेल तर, जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. आपत्तीच्या काळात घबराट पसरवणारी खोटी माहिती मुद्दाम पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली वर्षभराची कैद होऊ शकते हे खरं, पण तो दंड पसरवणाऱ्याला. म्हणजे अफवेच्या बंदोबस्ताचा निर्णयसुद्धा एका अफवेवरून झाला.

परिणाम उलटा झाला. संध्याकाळपर्यंत कमिटीला वगळून दुसरा ग्रुप तयार झाला. तिथे 'फेक' म्हणायलाही कुणी उरलं नाही.

व्हॉट्सॲपनं स्वतःचे उपाय केलेले आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात 'फॉरवर्डेड'ची खूण आली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा. पुढे दुहेरी बाणाची खूण आली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. यानं वेग मंदावतो हे मान्य. पण आमचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा त्यावर बाण नव्हता. कुणीतरी तो फोनमध्ये सेव्ह करून नव्यानं टाकला होता, त्यामुळे आल्या वाटेच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. गुलाबी यादीचा तर स्क्रीनशॉटच होता. आणि चौथ्या, जारच्या मेसेजला कुठलंही यंत्र काय करणार? शेजाऱ्यानं स्वतः लिहिलेली, मनापासून दिलेली चुकीची शिफारस होती ती.

पिवळा रंग

कोंडी फोडली ती बी विंगमधल्या ताईंनी. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांनी ओटी टेस्टचं किट आणलं. ग्रामपंचायतीत पाणी सोडणारा माणूस वापरतो तेच : काचेची छोटी नळी, द्रावणाची बाटली, रंगांची पट्टी. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. क्लोरीन असेल तर पिवळी झाक येते, जितका जास्त तितकी गडद.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ताईंनी टेबल मांडलं. पहिला नमुना खालच्या टाकीचा. थेंब पडले. पाणी पाण्यासारखंच राहिलं. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे शुद्ध आहे." ताई : "म्हणजे क्लोरीन नाही. शुद्ध आहे की नाही ते यातून कळत नाही, पण घाण आली तर अडवणारं काही नाही, एवढं कळतं." दुसरा नमुना सी विंगच्या दादांच्या जारमधला. त्यांनी स्वतः आणून दिला, जरा ऐटीत. तोही कोरा. दादांनी नळी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिली. तिसरा नमुना ताईंनी मुद्दाम तयार केलेला, आशा कार्यकर्तीनं दिलेल्या मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब टाकून अर्धा तास ठेवलेलं पाणी. तो लिंबाच्या सरबतासारखा पिवळा झाला. लहान मुलं टाळ्या वाजवायला लागली.

मला विचाराल तर त्या तीन नळ्यांनी जे केलं ते पंधरवड्यात ग्रुपवरच्या कुठल्याच दुव्यानं केलं नव्हतं. 'जार वाईट' असं कुणी कुणाला म्हटलं नाही, वाद घातला नाही. त्या दिवशी टाकी उपसून धुतली, टँकर आला की टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण मोजून टाकायचं ठरलं, आणि रोज सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर ताई दोन ओळी लिहायला लागल्या : आजचं रीडिंग, आणि 'पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच प्या'. लोक लिफ्टची वाट पाहत ते वाचायचे. दुसरा ग्रुप आपोआप थंडावला. तिथे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

खोटे मेसेज आधी का चालले याचं उत्तर मला त्या फळ्यात दिसतं. आमच्यातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : माझ्या घरातलं पाणी आज प्यायचं की नाही? बातम्या सांगत होत्या आज रुग्ण किती, व्हेंटिलेटरवर किती, कोण मंत्री काय म्हणाले. प्रश्नाचं थेट उत्तर देत होते फक्त ते मेसेज. चिकन बंद करा. भात सोडा. जार घ्या. उत्तर चुकीचं होतं, पण उत्तर होतं. 'हे खोटं आहे' या वाक्यात उत्तर नाही. माणूस ते वाचतो, मान डोलावतो, आणि बाटली हातात घेऊन तसाच उभा राहतो.

पेपरनं काय दिलं

माझ्या जुन्या धंद्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. विहिरीपर्यंत जाऊन तिथलं पाणी कुठून कुठे जातं हे बातमीदारांनीच लोकांसमोर आणलं. प्रक्रिया न झालेलं पाणी, वाढीव गावं, खासगी आरओ प्रकल्प, हे सगळं आम्हाला कळलं ते कुणीतरी दुचाकीवरून तिथवर गेलं म्हणून. हे काम फुकट होत नाही, आणि आमच्या दीडशे घरांत पेपर येतो जेमतेम तीसेक घरांत. बाकीच्यांपर्यंत तीच बातमी कात्रणाच्या फोटोतून पोचते, बहुतेक वेळा मथळा आणि अर्धा परिच्छेद, तारीख कापलेली.

पण दोष एकट्या वाचकाचा नाही. पहिल्या पानावर रोजचा आकडा देण्याची सवय करोनात लागली ती सुटली नाही. आकड्याचा चौकट-मजकूर डेस्कवर पाच मिनिटांत होतो. कुठल्या भागाला कुठल्या स्रोताचं पाणी, कुठल्या नमुन्यात काय आढळलं, घरी काय तपासता येतं, याचा तक्ता करायला एक माणूस दिवसभर लागतो. तो माणूस बहुतेक डेस्कवर आता उरलेला नाही. महापालिकेचं पत्रकही संध्याकाळी पीडीएफमध्ये यायचं, त्यात आकडे असायचे, पत्ते नसायचे. रुग्णांची ओळख उघड करू नये हे बरोबरच. पण पाण्याच्या टाकीला कसली आलीय गोपनीयता?

आणि एक माणूस होता ज्याला आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे आणि आणखी चार घरी काम करणाऱ्या मावशी जवळच्या वस्तीत राहतात. फळ्यावरचं रीडिंग बघून त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडं तर संक्रांतीच्या आधीपासून पाणी गढूळ येत होतं. पोरांना जुलाब लागलेले. तुमच्या टाकीत मिसळून येतं म्हणून तुम्हाला दिसलं नसेल." मावशी सोसायटीच्या ग्रुपवर नाहीत. ग्रुप फक्त 'मेंबर्स'साठी आहे.

पुढे

मार्चपर्यंत नवे रुग्ण कमी झाले होते. वार्षिक सभेत या विषयावर दीड तास गेला. प्रयोगशाळेत दर तिमाहीला पाण्याची जिवाणू तपासणी करायची, खर्च मेंटेनन्समधून, हा ठराव मंजूर झाला. अभियंता काकांनी विरोधात मत दिलं. त्यांचं म्हणणं, पाणी देणं पालिकेचं काम, तपासणंही त्यांचंच, आपण का पैसे भरायचे? तत्त्वतः ते बरोबर आहेत. ए विंगच्या त्या मुलाची आई सभेला आली होती, काही बोलली नाही. टँकर रिकामा करण्याआधी वॉचमननं ओटी टेस्ट करायची असंही ठरलं. पहिल्याच आठवड्यात पाणी कोरं निघालं म्हणून वॉचमननं एक टँकर अडवला, तर चालक त्याच्यावर डाफरला आणि गाडी घेऊन निघून गेला. त्या दिवशी चार वाजेपर्यंत दोन विंगना पाणी नव्हतं, आणि ग्रुपवर वॉचमनला कुणी हा शहाणपणा शिकवला अशी विचारणा झाली. आता दुसरा टँकरवाला शोधणं चालू आहे. लेखी हमी आणि पत्ता असलेली पावती देणारा अजून मिळालेला नाही. वॉचमनची टेस्ट मात्र ताईंनी बंद होऊ दिलेली नाही.